विमानाचा संप आणि पालखीचा पहिला मान

आज सकाळी देवाला फुलं वाहत होतो, तेवढ्यात मस्कतहून धाकट्या भावाचा फोन आला. विमान कंपनीच्या कर्मचाऱ्यांनी संप केला म्हणून त्याचं विमान रद्द झालं होतं. "दादा, पैसे परत देतायत. घेऊ?"

मी म्हणालो, "कशेडी घाटात दरड आली की आपण कोणाला जाब विचारतो? घे आणि गप खोलीवर जा."

दुपारी महाडला तिकिटं काढून देणाऱ्या सलीमभाईंना हे सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. "काय दादा तुम्ही! दरड कोणी पाडत नाय, संप कंपनीच्याच माणसांचा हाय. भरपाईवर वाद घालतील, पण दुसऱ्या विमानात जागा मागायची ना! पैसे घेतले, आता तो हक्क गेला."

भावाने पैसे घेतले होते. नवं तिकीट मिळालं ते परवाचं. शिमग्याची पालखी उद्यापासून घरोघर फिरणार आणि पहिला मान आमच्या घराचा. पालखीपुढे नारळ धाकट्यानेच ठेवावा म्हणून आई कधीची वाट बघतेय.

तुमच्यापैकी कोणी असं न विचारता पैसे घेऊन मोकळं झालंय का?

संध्याकाळी मी गावकीच्या बैठकीत जाऊन सांगून आलो, यंदा पालखी आमच्याकडे सगळ्यात शेवटी आणा.