तीन बोटं

ओपीडीत किस्से शोधावे लागत नाहीत, ते केसपेपरसोबतच येतात. मी नागपुरातल्या एका कॅन्सर हॉस्पिटलात जबड्याचे व्यायाम शिकवते. माझी पहिली तपासणी सोपी: आपलीच तीन बोटं एकावर एक धरून तोंडात घाला. सुपारी-तंबाखूचा खर्रा खाणाऱ्यांची बहुधा जात नाहीत.

कुहीकडच्या देवरावांचं एकच गेलं.

"दुसरं काहून नाही जात?" मी विचारलं.

"त्यालेच विचारा ना!" म्हणत त्यांनी बोट माझ्यापुढे धरलं.

*

आमच्याकडे सर्जन, रेडिएशनवाले आणि किमोवाले एकत्र बसून उपचार ठरवतात. देवरावांना बोलावून सांगितलं: आधी गालातली गाठ कापायची, मग रेडिएशन, त्याच्यासोबतच किमो.

"कापता, भाजता, वरून मसाला! मी माणूस हाव का भरताचं वांगं?"

रेडिएशनवाले सर तेवढे हसले नाहीत. त्यांच्या डब्यात त्या दिवशी भरीतच होतं.

*

ऑपरेशनला नेताना देवरावांनी खिशातली खर्ऱ्याची पन्नी बायकोच्या, शेवंताबाईंच्या हातात दिली. "फेकून दे वं."

"इथं कुठं फेकू जी? ते बाई फरशी पुसून राहिली!" म्हणत त्यांनी ती पदराच्या गाठीत बांधली.

*

गालात छातीचं कातडं लावलं होतं. थोड्याच दिवसांत देवरावांच्या तोंडात केस उगवले! किमोनं टक्कल पडणार म्हणून शेवंताबाईंनी टोपी आणून ठेवलेली. डोक्यावरचे केस जिथल्या तिथे राहिले, रेडिएशननं गालातले तेवढे झडले.

"न्हावी चांगला हाय तुमचा," देवराव म्हणाले.

*

मग तोंड आलं. थुंकी गिळवेना, जेवण नाकातल्या नळीतून. देवरावांनी पिशवी भरली. "बस झालं. घरीच मरतो."

अर्ध्यावर सोडलं तर कॅन्सर उलटण्याची भीती. तिन्ही डॉक्टर समजावून थकले. शेवंताबाई तोंडाला पदर लावून दारात उभ्या होत्या.

"अर्ध्या भाजल्या वांग्याचं भरीत होते का जी?"

देवराव पिशवी ठेवून मशीनवर जाऊन झोपले.

*

उपचार संपले. देवराव घरी नेमानं व्यायाम करत होते. परवा तपासणीला आले. गाठ नाही! मी बोटं घालायला सांगितलं. तिन्ही गेली! आम्ही टाळ्या वाजवल्या, मला तर रडूच आलं.

देवराव मात्र बायकोकडे वळले.

"आता तू घाल वं."

"मले काय झालं?"

"घाल म्हणतो ना."

शेवंताबाईंनी तोंडावरचा पदर खाली घेतला. एक बोट गेलं. दुसरं दातांवर अडलं.