घरचं ठिकाण

टीव्हीवरून सांगलीचं चॅनेल गायब झालंय. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर महिनाभरासाठी म्हणून सहा महिन्यांपूर्वी बंगळुरूला माझ्याकडे आलेली आई रोज संध्याकाळी त्या चॅनेलच्या तळाशी सरकणारी पट्टी वाचते. नळाला पाणी कधी येणार, कोण गेलं, दहावा कुठे आहे. अकराव्या मजल्यावर बसून तिला त्या पाण्याचं काय करायचंय, हे मी विचारत नाही.

ॲप काढून परत टाकलं, राउटर बंद करून चालू केला. शेवटी सेटिंगमध्ये कारण सापडलं. आईच्या सांगलीच्या खात्याचं 'घरचं ठिकाण' ॲपने परस्पर बंगळुरू करून टाकलं होतं.

"मग सांगली टाक की," आई म्हणाली.

टाकलं. तुम्ही तिथे नाही, असं उत्तर आलं. पुन्हा टाकलं, पुन्हा तेच. बाल्कनीच्या जाळीबाहेर एक कबुतर आत यायला धडपडत होतं. आम्ही दोघं आतून बघत होतो. माणूस कुठे बसलाय एवढंच या यंत्रांना दिसतं. त्याचा जीव कुठे आहे, ते भरायला जागाच नसते.

"मूर्ख आहे हा टीव्ही," मी रिमोट आपटला.

आईने गुडघ्यावरची चादर सारखी केली.

"त्याला कळलंय रे," ती म्हणाली. "तूच अजून 'महिनाभर' म्हणतोयस."