पडद्यावरचे डॉक्टर

केमोनंतरच्या तपासणीसाठी मी योकोहामाच्या इस्पितळात बसले होते. शेजारी उत्तरेकडच्या कुठल्याशा खेड्यातून आलेल्या एक आजी संत्रं सोलत होत्या. माझं मोडकंतोडकं जपानी ऐकून त्यांना बोलायला चेवच आला.

"आमच्या गावचा दवाखाना आता या मोठ्या इस्पितळाला जोडलाय," त्या म्हणाल्या. "तिथे पडद्यावर इथले डॉक्टर दिसतात. आमचे डॉक्टर त्यांना वाकून नमस्कार करतात, मग ते आमच्यांना. दोघांचं वाकून होईपर्यंत माझी वेळ संपते!"

बसल्या जागी त्यांनी दोघांचं वाकणं हुबेहूब करून दाखवलं. मला हसू आवरेना.

"मग आज एवढ्या लांब कशाला आलात?"

"मानेतली गाठ हाताला मोठी लागतेय. एकदा तरी त्यांनी हात लावून बघावं, म्हणून."

तेवढ्यात त्यांना आत बोलावलं. त्या लगेचच बाहेर आल्या.

"बघितली गाठ?" मी विचारलं.

"माझ्याकडे पाठ करून कॉम्प्युटरवर स्कॅन बघितला," आजी पिशवी उचलत म्हणाल्या. "आता गावातूनच भेटेन. पडद्यावर निदान त्यांचं तोंड तरी माझ्याकडे असतं."