साडूंची बसकी गाडी

माझ्या थोरल्या साडूंइतक्या चौकशा करणारा माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात दुसरा नसेल, आणि असलाच तर साडूंनी एव्हाना त्याला गाठून त्याचीही चौकशी केलेली असेल. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. हायस्कुलात विज्ञान शिकवायचे, नोकरीत असतानाच केडगावला घर बांधलं, आणि आता निवृत्त. चहावाल्याला ते चहा किती वेळ उकळतोस म्हणून विचारतात, न्हाव्याला कात्रीला धार कुठून लावून आणतोस म्हणून विचारतात. एकदा डॉक्टर त्यांची छाती तपासत असताना त्यांनी विचारलं, "नक्की काय ऐकू येतंय?" आणि मग स्वतःची छाती स्वतः ऐकायला नळी मागितली. डॉक्टरांनी दिली. छताचा पंखा घ्यायचा होता तेव्हा साडू तीन दिवस दुकानात जाऊन प्रत्येक पंख्याखाली वर्तमानपत्र धरून उभे राहिले, कुठल्या वाऱ्याला पान किती हलतं ते बघत. चौथ्या दिवशी दुकानदारानं त्यांना खुर्ची दिली, आणि येणारी गिऱ्हाइकं पंख्याबद्दल दुकानदाराला न विचारता त्यांनाच विचारू लागली. पंखा मात्र त्यांनी पाचव्या दिवशी दुसऱ्याच दुकानातून आणला.

गेल्या वर्षी एका सकाळी ते माझ्याकडे आले, चहाचा कप हातात घेतला आणि म्हणाले, "साडूभाऊ, गाडी खाली करायची आहे."

"म्हणजे विकायची?"

"विकायची नाही. खाली. जमिनीकडे."

साडूंची गाडी जुनी, जीपसारखी उंच. आमच्याकडचे रस्ते, त्यावरून जाणाऱ्या उसाच्या ट्रॉल्या आणि त्यांनी पाडलेल्या चाकोऱ्या बघता गाडी उंच असणं ही चैन नाही, गरज आहे. गाडी खाली बसवून घेण्याचा नाद कॉलेजातल्या पोरांचा. तोही दोन वर्षांत उतरतो, कारण तोवर गाडीची तळाची बाजू उरलेली नसते. मेहुणीनं फोनवर माझ्या बायकोला सांगितलं, "निवृत्त झाल्यावर लोकांना देव आठवतो, ह्यांना स्प्रिंगा आठवल्यात." गाडी खाली का करायची, हे कुणीही विचारलं की साडू फक्त म्हणायचे, "प्रयोग आहे." दुसऱ्याला शंभर प्रश्न विचारणारा हा माणूस स्वतःवर आलेल्या एका प्रश्नाला अशी बगल देतो म्हटल्यावर मला राहवेना. मी त्यांच्याबरोबर हिंडू लागलो.

आधी गेलो नगरला एका मिस्त्रीकडे. हाताला कायमचं काळं लागलेला, साठीचा, कमी बोलणारा माणूस. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सर, माझ्याकडं लोक गाडी उचलून घ्यायला येतात. खाली करायला तुम्हीच पहिले. किती करायची?"

"दीड का दोन इंच, ते अजून ठरत नाहीये."

"दोन इंच म्हणजे सोपं आहे. आहे त्या स्प्रिंगचा एक वेढा कापून टाकू. अर्ध्या तासाचं काम."

साडूंनी खिशातून वही काढली. पुढचा पाऊण तास त्या गॅरेजात साडूंचा विज्ञानाचा वर्ग भरला. कापलेली स्प्रिंग आपल्या जागी नीट बसत नाही आणि खड्ड्यात चाक लोंबलं की सुटू शकते. म्हणून मुळातच आखूड आणि कडक बनवलेली स्प्रिंग मागवायची. मग धक्के झेलणारा जुना शॉकअप चालत नाही, कारण त्याची दांडी मोठ्या स्प्रिंगच्या मापाची असते, आता तिला आत जायला जागाच कमी उरते आणि ती तळाला आपटते. शिवाय शॉकअप मऊ राहिला तर गाडी एकदा झुलली की झुलतच राहते. मिस्त्री ऐकता ऐकता शेजारच्या टायरवर बसला. शेवटी म्हणाला, "सर, हे सगळं मला माहीत आहे. पण लोक वेढाच कापा म्हणतात, म्हणून मी आधी तेच सांगतो." त्या दिवसापासून दोघांची मैत्री झाली.

दीड का दोन, हे ठरवायला साडूंनी गाडीत गव्हाची पोती भरली आणि वजनानं ती तेवढी खाली बसवली. मग आम्ही पुणतांब्याच्या रस्त्याला लागलो. प्रत्येक गतिरोधकापाशी साडू गाडी थांबवायचे, उतरायचे, दोन काठ्यांना बांधलेली सुतळी ताणून उंची मोजायचे आणि वहीत लिहायचे. एका गावापाशी एक म्हातारबाबा बराच वेळ बघत उभे होते. जवळ येऊन म्हणाले, "सायेब, ह्यो गतिरोधक काडनार का?"

"मी साहेब नाही, बाबा. नुसता मोजतोय."

"मोजत्यात तेच काडत्यात. लिवून घ्या. ह्याच्यापायी माजी सून मोटारसायकलवरनं पडली. लई उंच केलाय."

साडूंनी लिहून घेतलं. नुसतं लिहून घेतलं नाही, तर परत आल्यावर बांधकाम खात्याला दोन पानी अर्ज केला, सुतळीच्या मापांसकट. उत्तर आलं नाही. साडू अजून वाट बघतात.

गाडी खाली करण्यामागचं कारण मला कळलं ते कर्जतला. साडूंची थोरली बहीण तिथं राहते. तिला सगळे आक्का म्हणतात. लहानपणी पोलिओ झाला, तेव्हापासून डाव्या पायाला कॅलिपर, म्हणजे लोखंडी पट्ट्यांचा आधार. लग्न केलं नाही. चाळीस वर्षं ब्लाऊज शिवून घर चालवलं. त्या रविवारी आक्का चहा करायला आत गेल्या आणि साडूंनी झटकन शिलाई मशीनपुढच्या स्टुलाची उंची मोजली. मग मला दाराबाहेर नेऊन गाडीच्या पुढच्या सीटची मोजली. दोन्हींत दोन इंचांचा फरक होता.

"ती सीटकडे पाठ करून बसते," साडू हळू आवाजात म्हणाले. "पाय वाकत नाही. स्टुलाएवढं उंच असेल तरच तिला स्वतः टेकता येतं. छोट्या गाडीत तो पाय मावत नाही. हिच्यात मावतो, पण ही उंच."

"मग धरून बसवायचं."

त्यांनी नकारार्थी मान हलवली. फार वर्षांपूर्वी एका लग्नाला जाताना चार जणांनी आक्कांना उचलून जीपमध्ये ठेवलं होतं. लुगडं वर सरकलं, कुणीतरी हसलं. तेव्हापासून ज्यात स्वतः बसता येत नाही अशा वाहनात आक्का बसल्या नाहीत. गावात रिक्षानं जायच्या, पाय बाहेर काढून. त्यापलीकडे कर्जत सोडलं नव्हतं. "तिला सांगू नका," साडू म्हणाले. "तिच्यासाठी केलंय कळलं तर बसायची नाही."

दोन इंच ठरलं. तीन ठिकाणचे गतिरोधक तळाला लागणार होते, त्यांच्यासाठी साडूंनी आडवाटा शोधून ठेवल्या. मिस्त्रीनं स्प्रिंगा आणि शॉकअप बसवले, चाकांची अलाइनमेंट दोनदा करून दिली.

आम्ही आक्कांना न्यायला गेलो. बेत पुणतांब्याला जाऊन गोदावरी बघून यायचा. आक्का दार धरून गाडीकडे बराच वेळ बघत राहिल्या. साडू मागच्या टायरपाशी वाकून, त्यात काहीच बघण्यासारखं नसताना, बघत होते. आक्कांनी पाठ केली, दाराची कड पकडली आणि टेकल्या. मग दोन्ही हातांनी पाय उचलून आत घेतला.

"चला," त्या म्हणाल्या.

गाडी मोठ्या रस्त्याला लागली तशी आक्कांच्या प्रश्नांची तोफ सुरू झाली. हे बटन कशाचं, तो काटा का हलतो, ह्या गाड्या समोरून आल्यावर दिवा का दाखवतात. साडूंचा स्वभाव कुठून आला ते मला त्या दिवशी समजलं.

"गाडी लई आदळती रे."

"शॉकअप कडक आहेत, आक्का."

"मग मऊ घ्यायचं."

"स्प्रिंग आखूड आहे ना, तिला मऊ चालत नाही."

"आखूड कशापायी घेतली?"

साडूंनी गिअर बदलला. "अशीच," ते म्हणाले.

आक्कांनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं, मग खिडकीतून बाहेर पाहू लागल्या.

नगर जवळ आलं तेव्हा म्हणाल्या, "तुझं केडगाव कुठल्या अंगाला?"

"डावीकडं. पुण्याच्या रस्त्याला."

"मग तिकडं घे. नदी काय, कवाबी बघू. मला तुझं घर बघायचंय."

"आधी का नाही बोललीस?"

"तू इचारलंस कुटं? कुटं जायाचं ते तुजं तूच ठरवलंस."

साडूंनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. बाटलीतलं पाणी प्यायले, चष्मा पुसला, पुन्हा घातला आणि डावीकडे वळले.

मेहुणीनं दार उघडलं आणि ती तशीच पदर तोंडाला लावून उभी राहिली. त्या घराला तेवीस वर्षं झाली होती. आक्कांना ते फक्त साडूंच्या तोंडून माहीत होतं. त्या भिंतीला हात लावत एकेका खोलीतून फिरल्या. स्वयंपाकघर बघितलं, देवघर बघितलं, नळ सोडून बघितला. मागच्या खोलीत खिडकीपाशी थांबल्या. बाहेर शेजाऱ्यांची भिंत आणि शेवग्याचं एक झाड.

"हीच का ती खिडकी? तू सांगायचास ती?"

"हीच."

आक्कांनी खिडकीवर वीत ठेवून अंदाज घेतला. "तू सांगितलीस त्याच्यापेक्षा लई ल्हान हाय."

जन्मभर कुठलंही माप चुकवू न देणारे आमचे साडू दारात उभे होते. ते हळूच म्हणाले, "आक्का, तुला सांगताना मी ती थोडी मोठी करून सांगायचो."