स्टॉकहोमचे मोजे

शारजात लोकरीचे मोजे कुणाला लागतात? आईला लागायचे. इथे राहायला आली की म्हणायची, "तुमच्या एसीत पाय गार पडतात रे." काल कपाट आवरताना ते राखाडी मोजे सापडले. त्यांना डांबरगोळ्यांचा वास होता, आणि मला स्टॉकहोम आठवलं.

कंपनीने मला तिथे प्रशिक्षणाला पाठवलं, तेव्हा मी आईलाही नेलं होतं. चौथी शिकलेल्या बाईने मला इंजिनिअर केलं. तिला जग दाखवावं, एवढंच मनात होतं. राजवाडा, समुद्रातून वर काढलेलं जुनं लाकडी जहाज, सगळं तिने मुकाट्याने पाहिलं. शहराच्या जुन्या भागातल्या चर्चपाशी मात्र तिने दारातच बूट काढले.

"आई, इथे नाही काढत."

"देवाचं दार आहे ना? मग?"

मीही काढले. फरशी बर्फासारखी होती. मेणबत्त्यांसमोर ती बराच वेळ हात जोडून उभी राहिली. बाहेर आल्यावर मी समोरच्या दुकानातून हे मोजे घेतले आणि तिच्या गारठलेल्या पायांत चढवले.

"एवढं काय मागितलंस?"

"माझ्यासाठी तुला विमानाने धावत यावं लागू नये. झोपेतच न्यावं मला."

मी हसण्यावारी नेलं.

गेल्या वर्षी बार्शीच्या घरी ती दुपारी जेवून आडवी झाली, ती उठलीच नाही. मी पोचल्यावर शेजारच्या काकू म्हणाल्या, "पुण्यवान होती हो, कुणाला त्रास दिला नाही."

काल ते मोजे हातात धरून मी बसून राहिलो. आई, मला धावत यायचं होतं गं.