जुन्या गोठ्याची वाट

तांडापेठेतल्या अनुसयाबाई एकदा रुसल्या की देवाच्या बापाचंही ऐकत नसत. बावन्न साली धाकटी जाऊ शामला हिच्याशी त्यांचं बिनसलं. दोघी नवऱ्यांच्या हातमागांसाठी सुताच्या कांड्या भरायच्या. "कांड्या मी भरते अन् कौतुक तुमचं होते," असं शामला एकदा बोलून गेली. झालं! अनुसयाबाईंनी दोन गल्ल्यांपलीकडे वेगळी चूल मांडली. नवरा बिचारा माग आणि गौरी गाय घेऊन मुकाट्याने मागोमाग गेला.

गौरीला मात्र हे वेगळं निघणं कोणी सांगितलं नव्हतं. गुरं राखणारा गायकी मोहल्ल्याची जनावरं सकाळी रानात नेई. संध्याकाळी कळप परतला की ज्याचं जनावर त्याच्या दारी आपसूक वळे, आणि गौरी वळे ती जुन्या दारी. शामला तिच्यापुढे कोंड्याचं घमेलं ठेवायची. अनुसयाबाई रोज दावं घेऊन यायच्या आणि जावेकडे ढुंकूनही न बघता गाय घेऊन जायच्या.

एकदा शामला गायीलाच म्हणाली, "गौरे, सांग बाईले, लेकराचा ताप उतरला."

"विचार तिले, काढा देला होता का?" अनुसयाबाई गायीच्या पाठीवर हात फिरवत म्हणाल्या.

तेव्हापासून पावसाळाभर गायीमार्फत बोलणी चालली. घरी आल्यावर अनुसयाबाई गौरीला बिनडोक म्हणत. पण ऊन कललं की लुगडं नीटनेटकं करून बसत, ते काही गायीसाठी नव्हे.

दिवाळीच्या सुमारास गौरी एकदा जुन्या दारी थांबलीच नाही. अनुसयाबाई तिला नेहमी चौकातून फिरवून आणत. ती मात्र देवळामागच्या बोळातून, जिथून तिला कोणी कधी आणलं नव्हतं, थेट नव्या दारी येऊन उभी राहिली.

"सारा मोहल्ला डोक्यात मांडून ठेवला हाय हिनं!" नवरा खूश झाला. "सुटला तुहा हेलपाटा."

अनुसयाबाईंना मात्र भाकर गोड लागली नाही. दुसऱ्या दिवशीही गौरी सरळ घरी आली, तेव्हा त्यांना तिचा रागच आला.

तिसऱ्या दिवशी त्यांनी गौरीला गोठ्यात बांधलं, दुसरं दावं हातात घेतलं आणि निघाल्या. शामला घमेलं घेऊन दारातच उभी होती. कळप केव्हाच पांगला होता, गल्ली रिकामी होती.

"शामले, गौरी आली का वं इकडे?"

"नाई आली, बाई." शामलाने घमेलं खाली ठेवलं. "येईल ना. बसा तवर."

अनुसयाबाई दावं मांडीवर घेऊन बसल्या.