सभेत वाजलेलं चिंकियासचं गाणं

चिंकियासचं आणि माझं पटत नाही, हे आधीच सांगून टाकते. नंतर कुणी म्हणायला नको की नणंदेनं तिखटमीठ लावलं. ती माझ्या चुलतभावाची, ताइशची बायको. तिची बाग आणि माझी बाग यांच्यामध्ये केळींची एक रांग. वीस वर्षं मी त्या रांगेतून डोकावतेय आणि ती ढेकळं फेकतेय. नेम चांगला आहे तिचा.

पास्तासा नदीच्या या वळणावर तिच्याइतकी स्वच्छ बाग कुणाची नव्हती. गवताची काडी शोधून सापडायची नाही. आमच्यात बाईची अब्रू शाबूकंदावर ठरते. शाबूकंद उकडून, चावून, आंबवून आंबील होते, आणि आंबील नसेल त्या घरात पाहुणा टिकत नाही, नवरा तर नाहीच. तिचे कंद मांडीएवढे. माझ्या कंदांचं जाऊ द्या.

कारण सगळ्यांना ठाऊक होतं. तिच्या आईनं मरायच्या आधी तिला चार दिवस उपाशी ठेवून, तंबाखूचा रस पाजून बागेचं गाणं दिलं होतं. बागांची धनीण नुन्कुई, ती असल्या गाण्यालाच वश होते. ते मनात, फार तर ओठांत म्हणायचं. दुसऱ्या बाईच्या कानावर पडलं की त्याची धार गेली. आईकडून लेकीला जायचं, बस्स. आणि चिंकियासला झाले चार मुलगे. चारही धडधाकट, या कामाला चारही निरुपयोगी.

मी एकदा म्हटलं, "वहिनी, गाणं काय स्वतःबरोबर पुरून घेणार? मला दे की."

"वन्सं," ती म्हणाली, "तुम्हाला देण्यापेक्षा कोंबडीला देईन. ती निदान अंडं तरी घालते."

मग आली आनेके. थंडीच्या देशातली, लांब पायांची, माणसं कशी राहतात याचा अभ्यास करणारी. म्हणजे मी वीस वर्षं फुकट करतेय तेच, फक्त वहीत लिहून. दोन वर्षं ती ताइशच्या घरात राहिली. पहिल्यांदा आंबील प्यायली तेव्हा उलटी झाली, तरी दुसरा वाडगा घेतला. चिंकियासला तिथंच ती आवडली. टोपली पाठीवर घेऊन दोघी बागेत जायच्या. आनेके तिला आई म्हणायला लागली, आणि ही बया विरघळली. उपास करवला, तंबाखूचा रस पाजला, गाणं दिलं. पण पोरीच्या डोक्यात चाल टिकेना.

"आई, यंत्रात ठेवू का? घरी जाऊन पाठ करीन."

"ठेव. पण तुझ्यापुरतं."

हे मी केळींमागून ऐकलं. गाणं मात्र ऐकू आलं नाही, हळू म्हणत होती मेली.

आता सभेच्या ठरावाचं सांगायला हवं. आनेकेच्या आधी दोघेतिघे येऊन गेले होते. विचारलं, लिहिलं, फोटो काढले, पुन्हा तोंड दाखवलं नाही. गाव चिडलं. सभेनं ठरवलं, इथलं जे कुणी टिपून नेईल त्यानं ते परत आणून सगळ्यांसमोर ऐकवायचं, एक शब्द लपवायचा नाही. ठराव मांडला अध्यक्षानं, म्हणजे आमच्या ताइशनं. पुरुषांनी टाळ्या वाजवल्या. बायका आंबील वाढत होत्या, त्यांना कुणी विचारलं नाही. पुरुषांना बागेतलं काय कळतंय!

वर्षभरानं आनेके स्पीकर घेऊन परत आली. तिनं ताइशला विचारलं, "सगळंच ऐकवायचं? आईचं गाणंसुद्धा?"

"सगळंच," ताइश छाती फुगवून म्हणाला. "नियम म्हणजे नियम."

पोर नियमाला घाबरली. चिंकियासला विचारायला हवं होतं, ते राहिलं.

सभेत आधी म्हाताऱ्यांच्या लढायांच्या गोष्टी झाल्या, शिकारीच्या बढाया झाल्या. आणि मग स्पीकरमधून चिंकियासचा आवाज आला. हळू, अगदी कानाशी बोलल्यासारखा. आम्ही सतरा बायका होतो. एकीनंही कान झाकले नाहीत. मी तर पुढे सरकले.

चिंकियास आंबील वाढत होती. गाणं संपेपर्यंत तिच्या हातातला वाडगा तसाच होता. मग ती घरी गेली.

सकाळी मी मुद्दाम तिच्याकडे गेले. तिनं मला आंबील दिली, ताइशला दिली, आणि आनेकेसमोरून वाडगा तसाच पुढे नेला. आमच्यात हे तोंडावर थुंकण्यापेक्षा वाईट. शत्रूलासुद्धा आधी आंबील मिळते.

"आई, नियम होता," आनेके रडायला लागली. "मी पुसून टाकते ते, आत्ता तुझ्यासमोर."

"यंत्र पुसशील. या वन्संचे कान कशानं पुसशील?"

"मी नीट ऐकलंच नाही गं," मी म्हटलं.

"मग काल रात्रीपासून गुणगुणताय ते काय?"

मी वाडगा तोंडाला लावला.

"मला आई म्हणू नकोस," ती आनेकेला म्हणाली. "लेक म्हणून दिलं होतं. लेक हे करत नाही." मग ताइशकडे वळली. "आणि अध्यक्षसाहेब, या बागेत माझं काही उरलं नाही. नदीपलीकडे नवी हवी. झाडं तोडायचं काम पुरुषाचं. कुऱ्हाड घ्या."

"बोलावतो मंडळींना. तू आंबील कर."

"आंबील नाही."

आंबिलीशिवाय कोण येतो तोडणीला? कुणीच आलं नाही. दोन महिने अध्यक्ष एकटा झाडं पाडत होता, आणि गाव अलीकडच्या काठावर बसून मोजत होतं. संध्याकाळी तहानेनं माझ्याकडे यायचा. वर म्हणायचा, "तुझी आंबील पातळ आहे." आनेके पुढच्या विमानानं गेली. निरोप द्यायला धावपट्टीवर मी होते, चिंकियास नव्हती.

ऐकलेलं गाणं मी माझ्या बागेत म्हणून पाहिलं. कंद उंदराएवढे आले. बाकीच्या सोळाजणींचंही तेच, पण कबूल कोण करणार? उलट सगळ्या चिंकियासलाच शिव्या देतात, की तिनंच मुद्दाम अर्धं गाणं दिलं असणार.

पलीकडची लावणी सुरू होणार त्या दिवशी मी होडी घेऊन गेले. ती आठ दिवसांच्या उपासानं वाळली होती. काखेत लावायच्या शाबूकंदाच्या दांड्यांची मोळी, मुठीत आईचा लाल खडा, नुन्कुईसाठी बागेत पुरायचा तो. उपास केला की नुन्कुई स्वप्नात येते, म्हणजे तिनं नवं गाणं दिलं असणार, हे मला कळलं.

"वहिनी, आता कुठलं गाणं म्हणणार?"

"जवळ या, सांगते."

मी कान पुढे केला.

"तुमच्या बागेत रानडुकरं शिरलीत. येताना बघितली मी."

मी वल्ही अशी मारली की होडीत पाणी आलं. बागेत एक डुक्कर नव्हतं. पानसुद्धा हललेलं नव्हतं. धापा टाकत परत गेले, तोवर पहिल्या रांगा लावून झाल्या होत्या, लाल खडा कुठंतरी मातीत गेला होता, आणि चिंकियास नदीवर पायांचा चिखल धूत होती.

"किती होती?" तिनं विचारलं.